कळसूबाई म्हणजे सत्तावीस गिल्बर्ट!

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गराड्यात दोनशे फुटांचा एक काळा कातळ सरळसोट उभा आहे. हीच गिल्बर्ट हिल. वर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं मंदिर, आणि तिथवर जायला कातळात खोदलेल्या पायऱ्या. हा खडक साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि हिमालय वर येऊ लागला, तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. थोडक्यात, हिमालयाचं बारसं व्हायच्या आधी अंधेरीत आमचा लाव्हा थिजूनही झाला होता!

एव्हरेस्टवाले यावर हरकत घेतील, की आमच्या माथ्यावरचा चुनखडक ४० कोटी वर्षांहून जुना आहे. कबूल. पण तेव्हा तो समुद्राच्या तळाशी होता, आणि तळाशी बसून कुणी शिखर होत नाही.

तर आता मीटर-फूट बाजूला ठेवू आणि ६१ मीटर म्हणजे एक ‘गिल्बर्ट’ असं आपलं उपनगरी माप धरू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला मुंबईचा सर्वांत उंच माथा साधारण साडेसात गिल्बर्ट. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) बरोबर सत्तावीस. दिवाळीचा फराळ संपायच्या आत ज्याच्या बुकिंगचे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरायला लागतात, ते उत्तराखंडातलं केदारकंठा (३,८१० मीटर) बासष्ट. आफ्रिकेतलं किलिमांजारो (५,८९५ मीटर) सत्त्याण्णव. आणि एव्हरेस्ट? एकशे पंचेचाळीस.

शेवटची कसारा

उपनगरी ट्रेकरची बाराखडी मध्यरात्रीच्या सुमाराच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये सुरू होते. घाटकोपर-मुलुंडकरांना ती घराजवळच मिळते. अंधेरी-बोरिवलीकरांना सॅक पाठीवर घेऊन आधी दादरचा पूल चढावा लागतो, म्हणजे त्यांचा ट्रेक तिथूनच मोजायला हवा. कसाऱ्याहून जीप, मग इगतपुरी, घोटी आणि कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि माथ्यावर देवीचं छोटंसं मंदिर. देवीची गोष्ट झकास आहे. कळसू नावाची कोळ्याची मुलगी पाटलाकडे कामाला राहिली, ती अट घालूनच, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी तेच काम सांगितलं गेलं, तशी ती तडक डोंगरावर निघून गेली. महाराष्ट्राच्या सर्वोच्च जागी अटीला पक्की असलेली एक कामकरी मुलगी बसली आहे, हे मला फार आवडतं.

एका दिवसाच्या ट्रेकने ज्यांचं भागत नाही, त्यांची सोय मुलुंडमध्येच आहे. मुलुंडच्या ‘चक्रम हायकर्स’ची ‘सह्यांकन’ ही सह्याद्रीतली अनेक दिवसांची मोहीम ट्रेकर मंडळींत चांगलीच परिचित आहे. चार-पाच दिवस सलग चालायचं, रात्री मुक्काम, सकाळी पुन्हा सॅक पाठीवर. हिमालयात जाण्याआधीची ही उत्तम पूर्वपरीक्षा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बुटात पाय घालताना माणसाला स्वतःबद्दल बरंच काही कळतं.

हिमालयातली पहिली पायरी अनेक मराठी घरांत यूथ हॉस्टेलच्या सरपास ट्रेकने चढली गेली. तिथल्या दोन गोष्टी प्रत्येकाला आठवतात: रात्री मिळणारं गरम बोर्नव्हिटा आणि आगीविना शेकोटी. लाकूड वाचावं म्हणून मधोमध दिवे लावायचे आणि त्यांच्याभोवती बसून गाणी म्हणायची. ऊब शून्य, पण झाड तुटत नाही.

वेफर्सचं पाकीट फुगतं, माणूस पंक्चर होतो

उंचीवर ‘ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात हवाच कमी येते. केदारकंठाच्या माथ्यावर हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के, आणि किलिमांजारोवर निम्म्याहूनही कमी. पुरावा हवा असेल तर सॅकमधलं वेफर्सचं पाकीट काढा. घाटकोपरला घेतलं तेव्हा शहाण्यासारखं सपाट होतं, वर ते टम्म फुगून उशी झालेलं असतं.

दाब कमी म्हणजे पाणीही लवकर उकळतं. केदारकंठावर साधारण ८७ अंशांना, किलिमांजारोच्या माथ्यावर ८० अंशांच्या आसपास. त्यामुळे खळखळ उकळत्या पातेल्यातला चहा ओठाला कोमटच लागतो, आणि कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. तंबूत ठेपले आणि मेतकूट ज्याच्याकडे असेल, त्याला त्या रात्री नेता मानतात.

थंडीचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्याच वेळी ऊन कडक होत जातं. ताजा बर्फ बहुतेक अतिनील किरणं परत वर फेकतो, म्हणून नवख्यांच्या नाकपुड्याही आतून भाजतात. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लावायचं, हे लीडर सांगतो तेव्हा सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी निम्मेच हसतात.

रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो. उलटी ठेवली की तो बुडाशी धरतो आणि सकाळी झाकण उघडतं. मोबाइल आणि बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये, अगदी पोटाशी. शेजारचा माणूस झोपेत मध्येच काही सेकंद श्वास थांबवतो आणि मग एकदम धापा टाकतो. उंचीवर हे अनेकांना होतं, घाबरून त्याला हलवू नका. लघवीलाही नेहमीपेक्षा जास्त वेळा लागते. उणे तापमानात रात्री दोन वाजता तंबूची चेन उघडायची की नाही, यावर माणूस तासभर विचार करतो आणि शेवटी उघडतोच.

सगळ्यात मोठा धक्का जिमवाल्यांना बसतो. उंचीच्या त्रासापासून फिटनेस वाचवत नाही. उलट पाय दमदार असलेला तरुण भराभर वर जातो आणि डोकं धरून बसतो, तेव्हा मागून डुलत येणाऱ्या मुलुंडच्या काकू त्याला लिमलेटची गोळी देतात. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा फार वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असा दंडक आहे. शरीराला वेळ देणं हेच खरं औषध. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सत्त्याण्णव गिल्बर्टांचं गाडं

किलिमांजारो विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला आहे, तरी माथ्यावर हिमनद्या आहेत. दोराने लटकावं लागत नाही, चालतच जायचं. पण परवानाधारक गाईडशिवाय प्रवेशच नाही. हमालाच्या डोक्यावरचं ओझं प्रवेशद्वारावर तोलतात, मर्यादा २० किलो. ‘अजून एक जाकीट घेऊ का?’ या प्रश्नाचं उत्तर तिथला काटाच देतो.

शेवटच्या रात्री बाराफू कॅम्पवरून (४,६७३ मीटर) मध्यरात्रीच्या सुमारास निघतात. थंडीने सुटी खडी घट्ट गोठलेली असते तोवर चढून घेतलेलं बरं, आणि सकाळी आभाळही स्वच्छ मिळतं. ही एका रात्रीतली चढाई वीस गिल्बर्टांची. मजल्यांत सांगायचं तर सुमारे चारशे मजले, लिफ्ट बंद. सूर्य उगवला की वर तिरंगा निघतो, मराठी गट असेल तर भगवाही. फोटो होतात आणि मग जी गोष्ट ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असते ती सुरू होते: त्याच दिवशी सुमारे ३,१०० मीटरवरच्या म्वेका कॅम्पपर्यंत उतरायचं. शेहेचाळीस गिल्बर्ट खाली. गुडघे कुणाच्या मालकीचे आहेत ते तिथे समजतं.

म्हणून पॅकेज निवडताना एकच शहाणपण करा. पाच दिवसांत किलिमांजारो दाखवणारं स्वस्त पॅकेज सोडा आणि सात-आठ दिवसांचं घ्या. जास्तीचे पैसे तंबूचे नसतात, शरीराला मिळणाऱ्या वेळेचे असतात. केदारकंठालाही तेच लागू: एक दिवस वाचवणारा कार्यक्रम दिसला, तर दुसरा शोधा.

तयारीसाठी लांब जायला नको. बोरिवलीच्या उद्यानात फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा चढ आठवड्यातून दोनदा सॅक घेऊन चाला, वर लेण्यांच्या पायऱ्या आहेतच. टॉवरमध्ये राहत असाल तर जिना आहे. आणि वर गेल्यावर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर ‘ग्रुपचा खोळंबा नको’ म्हणून गप्प बसू नका. लगेच गाईडला सांगा, आणि तो खाली उतर म्हणाला तर वाद न घालता उतरा.