कवडशातली धूळ

दुपारी कौलाच्या फटीतून घरात उतरलेला कवडसा कधी नीट बघितलाय? बाकी खोलीत धुळीचा मागमूस नसतो आणि त्या एका तिरप्या पट्ट्यात मात्र असंख्य कण निवांत तरंगत असतात. खरं तर धूळ खोलीभर असते, पण उजेड पडतो तिथेच ती दिसते. फेस्टचा टीझर, शॉर्ट फिल्मची श्रेयनामावली, गणपतीचं रील... सगळीकडे आपण जी ‘डस्ट’ उडवतो ती नकली वाटते, ती बहुतेकदा याच कारणाने. स्क्रीनभर कण पसरलेले असतात आणि उजेड कुठून येतोय याचा पत्ता नसतो. तुमचं शोरील इंटर्नशिपसाठी बघणाऱ्या माणसाने तर असली रेडीमेड धूळ दिवसातून दहा वेळा पाहिलेली असते!

हे तंत्र तसं जुनं. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’मध्ये एका ओसाड ग्रहावर आगीची भिंत पसरत जाते. लुकासफिल्मच्या ज्या संगणक विभागातून पुढे पिक्सार उभी राहिली, तिथे ते दृश्य तयार झालं. त्यातली आग उभी करणाऱ्या विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ मध्ये निबंध लिहून युक्ती जगासमोर ठेवली. आग, धूर, ढग यांना ठाम आकार नसतो. मग आकार काढायचाच कशाला? हजारो कण जन्माला घाला, प्रत्येकाला थोडा वेगळा वेग, थोडं वेगळं आयुष्य द्या आणि वेळ झाली की मरू द्या. आज सॉफ्टवेअरमध्ये ‘बर्थ रेट’ आणि ‘लॉन्जेव्हिटी’ दिसतात ना, ती हीच जन्म-मरणाची वही.

आफ्टर इफेक्ट्समध्ये काळ्या सॉलिडवर ‘सीसी पार्टिकल वर्ल्ड’ टाकलंत की आधी दिसतो तो चक्क भुईनळा! ठिणग्या वर उडतात नि खाली पडतात. त्याची धूळ करायची तर ग्रॅव्हिटी शून्यावर आणा, व्हेलॉसिटी जवळजवळ शून्यावर, आणि प्रोड्यूसरची रेडियस तिन्ही दिशांना वाढवा, म्हणजे कण एका भोकातून न येता हवेतच जन्मतील. पार्टिकल टाइप ‘फेडेड स्फिअर’, आकार अगदी बारीक, अपॅसिटी कमी, रंग किंचित पिवळसर पांढरा. लॉन्जेव्हिटी चांगली वाढवा, कारण धुळीला कसलीच घाई नसते. बर्थ रेट मात्र हात आखडून. कण जास्त झाले की धूळ न वाटता बर्फ पडल्यासारखा वाटतो.

पहिले काही सेकंद स्क्रीन रिकामी दिसेल. घाबरू नका, कण अजून जन्मतायत. सॉलिड कॉम्पपेक्षा लांब घ्या आणि टाइमलाइनवर डावीकडे, शून्याच्या मागे सरकवा. व्हिडिओ सुरू होईल तेव्हा हवा आधीच भरलेली असेल.

आता खोली. एका लेयरची धूळ काचेवर चिकटल्यासारखी दिसते. लेयर डुप्लिकेट करून तीन करा. मागचे कण बारीक आणि मंद, मधले जरा स्पष्ट, पुढचे मोजकेच, मोठे आणि ब्लर केलेले. प्रत्येक कॉपीचा ‘रँडम सीड’ बदला, नाहीतर तेच कण एकाखाली एक येऊन चोरी पकडली जाईल.

राहिला उजेड, म्हणजे खरी मेख. गोरजाच्या वेळी मावळतीकडे तोंड करून उभे राहा. गुरांच्या पायांची धूळ सोन्यासारखी पेटलेली दिसते. पाठ फिरवलीत तर तीच धूळ मळकट! कणांवरून उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतो, म्हणून दिवा समोर, कणांच्या पलीकडे असला की धूळ उजळते. तेव्हा आधी फ्रेममधला उजेड शोधा, त्याच्या झोताएवढा मऊ कडांचा मास्क काढा आणि धूळ तेवढ्यातच ठेवा. ब्लेंडिंग मोड ‘स्क्रीन’ किंवा ‘ॲड’. झोताबाहेर जवळजवळ काही नको. अर्धी मेहनत झाकली जाते म्हणून जीव हळहळेल, पण दृश्य तिथेच जमतं.

आफ्टर इफेक्ट्सचं भाडं परवडत नसेल तर डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतल्या फ्यूजनमध्ये किंवा ब्लेंडरमध्येही हे जमतं. आणि लॅपटॉप रेंडरला टाकल्यावर विमानासारखा आवाज करत असेल, तर माझं मत विचाराल तर खरी धूळच शूट करा. अंधारी खोली, मागे काळं कापड, बाजूने किंचित मागून येणारा टॉर्चचा झोत आणि चिमूटभर टाल्कम पावडर. फोन स्टँडवर, फोकस लॉक, स्लो मोशन चालू. पंखा बंद. पावडर उडवल्यावर लगेच नाही, थोडं थांबून, कण संथ झाल्यावर रेकॉर्ड करा. ती क्लिप ‘स्क्रीन’ मोडवर टाकली की काळा भाग आपोआप नाहीसा होतो. नाकाला रुमाल बांधा, आणि पावडरचा डबा आईचा असेल तर आधी विचारून घ्या.