डुलणारी धोंड आणि चिडका प्यूमा

तीनशे टनांची धोंड हलवायची तर किती माणसं लागतील? शंभर? पाचशे? अर्जेंटिनातल्या तांदील गावाला असा प्रश्न कधी पडलाच नाही. त्यांची धोंड आपली आपणच डुलायची!

गावालगतच्या टेकडीवर, थेट कड्याच्या टोकाशी ती उभी होती. आत्ता पडते की मग पडते, अशी. तिचं नाव ‘पिएद्रा मोवेदिसा’, म्हणजे हलता दगड. डुलणं मात्र इतकं बारीक, की नुसत्या डोळ्यांना पटकन कळायचंही नाही. मग बघायला आलेल्यांनी एक युक्ती काढली. धोंडेखालच्या फटीत काचेची बाटली सरकवायची आणि वाट बघायची. धोंड त्या बाजूला कलली, की कडाड्‌! बाटलीचा चुरा. झाली खात्री!

ती हलते कशी, याची तिथली गोष्ट भारी आहे. सूर्य नवरा आणि चंद्र त्याची बायको. (हो, गोष्टीतला चंद्र बाई आहे!) दोघांनी मिळून गवताची अफाट मैदानं बनवली, प्राणी बनवले, माणसं बनवली. एक दिवस पंखवाला प्रचंड प्यूमा सूर्यावर चालून गेला. प्यूमा म्हणजे अमेरिकेतलं मोठं रानमांजर. माणसांनी बाण सोडले. एक बाण आरपार घुसला आणि प्यूमा खाली कोसळला, पण मेला नाही. पडल्या पडल्या गुरगुरत राहिला. रात्री चंद्राने त्याच्यावर दगडांचा मारा केला. इतके दगड, की त्यांच्या टेकड्या झाल्या! शेवटचा दगड मात्र वर आलेल्या बाणाच्या टोकावर अडकला. तेव्हापासून सूर्य उगवला, की खाली गाडलेला प्यूमा रागाने थरथरतो आणि वरचा दगड हलतो.

आता धोंडेची खरी जन्मकथा. तांदीलचा खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदीच बाळ! तांदीलसारखा खडक जमिनीखाली असतानाच त्याला उभ्याआडव्या भेगा पडतात आणि त्याचे चौकोनी ठोकळे होतात. भेगांतून पाणी झिरपतं आणि दगड कुजायला लागतो. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा हल्ला तीन बाजूंनी होतो, म्हणून कोपरे आधी जातात. साबणाची नवी वडी काही दिवसांत गुळगुळीत होते ना, तसंच. पुढे पावसाने भोवतीचा भुगा वाहून गेला, की गोलसर धोंडी उघड्यावर राहतात. म्हणजे ही धोंड कुणी वर नेऊन ठेवली नव्हती. ती होती तिथेच घडली.

मग ती पडत का नव्हती? तिचा तळ खालच्या खडकाला थोड्याशाच जागेत टेकलेला होता, पण धोंडेच्या वजनाचा मध्य बरोबर त्या जागेच्या वर येत होता. त्यामुळे ती जराशी कलायची आणि परत जागेवर यायची. गावात असंही सांगतात, की रोसास नावाच्या सेनापतीने घोडे जुंपून ती ओढून पाहिली, पण धोंड काही पडली नाही.

पडली ती २९ फेब्रुवारी १९१२ ला, संध्याकाळच्या सुमारास. खाली आपटून तिचे तीन तुकडे झाले. कशाने पडली? कुणी म्हणालं, हे मुद्दाम केलेलं काम. कुणी बोट दाखवलं दगडाच्या खाणींतल्या सुरुंगांकडे. खाणी जवळच होत्या, तिथला दगड फोडून राजधानी ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर बसवला जायचा. तंटा आजही मिटलेला नाही. दिवस मात्र धोंडेने झकास निवडला, कारण ही तारीख चार वर्षांतून एकदाच येते!

गावाला टेकडीचं ते रिकामं टोक बघवेना. अखेर २००७ मध्ये तिथे हुबेहूब दिसणारी नवी धोंड बसवली. ती आतून पोकळ आहे, वजन जेमतेम नऊ टन, आणि जागेवर घट्ट जखडलेली. फोटो छान येतात म्हणे. पण मला विचाराल, तर टेकडीच्या पायथ्याशी पडलेले ते तीन तुकडेच जास्त बघण्यासारखे आहेत. खरी धोंड ती आहे, आणि नवी धोंड डुलत नाही!