मोठ्या प्रभाराची किमया

द्रवरूप हेलियम 2.17 केल्विनपर्यंत थंड केला की त्याचा चिकटपणा नाहीसा होऊ लागतो आणि तो अतिप्रवाही बनतो. नेमक्या त्या संक्रमणबिंदूवर लहानमोठ्या सर्व लांबींचे चढउतार एकाच वेळी चाललेले असतात. कोणत्याही भिंगातून पाहिले तरी चित्र सारखेच. अशा मापनिरपेक्ष अवस्थांचे शास्त्र म्हणजे अनुरूप क्षेत्र-सिद्धांत.

या सिद्धांतातील मोजण्याजोग्या राशींना कारक म्हणतात. प्रत्येक कारकाला एक घातांक असतो. अंतर वाढत गेले की दोन ठिकाणच्या चढउतारांचा परस्परसंबंध किती झपाट्याने क्षीण होतो, ते त्यावरून कळते. हे घातांक काढणे महाकठीण. लहान राशी धरून टप्प्याटप्प्याने दुरुस्त्या करीत जाणे ही भौतिकीची जुनी रीत. पण येथे लहान म्हणावे असे काहीच हाताशी नसते.

2015 मध्ये हेलरमन, ऑर्लांडो, रेफर्ट व वातानाबे यांनी उलटी वाट धरली. हेलियमच्या संक्रमणाचे वर्णन करणाऱ्या सिद्धांतात एक अक्षय राशी आहे. तिला प्रभार म्हणतात, विजेशी तिचे नाते केवळ नावापुरते. हा प्रभार प्रचंड असलेल्या कारकांचाच त्यांनी विचार केला. तीन मितींपैकी एक काळ मानली, तर प्रत्येक कारकाच्या जागी गोलाच्या पृष्ठभागावरील एक अवस्था ठेवता येते, आणि त्या अवस्थेची ऊर्जा म्हणजेच कारकाचा घातांक. गोलावर प्रभार दाटीने भरला की तेथे अतिप्रवाही द्रवच तयार होतो! ऊर्जेची घनता प्रभाराच्या घनतेच्या दीड घाताने वाढते; म्हणून प्रभार चौपट झाला की घातांक सुमारे आठपट होतो. त्यात वर्गमुळाच्या प्रमाणातील एक दुरुस्ती मिळवावी लागते. शेवटी उरते ती −0.0937 ही स्थिर संख्या. द्रवातील ध्वनिलहरींच्या किमान पुंज-कंपनांतून ती येते आणि द्रवाच्या अन्य तपशिलांवर मुळीच अवलंबून नसते. या सूत्राचे खरे वैभव तेच.

पहिल्या दोन पदांचे गुणक मात्र हा युक्तिवाद देत नाही. बॅनर्जी, चंद्रशेखरन व ऑर्लांडो यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय गणनेत ते सुमारे 0.337 व 0.27 आले. आता प्रभार 1 घेऊन पाहावे. जेथे सूत्र लागू पडण्याची कोणी अपेक्षाही करणार नाही, तेथे बेरीज सुमारे 0.513 येते, अन्य मार्गांनी काढलेले मूल्य आहे 0.519.