दुकानाच्या नांवाचें अक्षर



सातारा-सांगलीकडील कोणत्याही पेठेंतून संध्याकाळच्या वेळीं सहज फेरफटका मारला, तर एक फरक जुन्या माणसांच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. पूर्वीं पाट्या रंगविणारे पेंटर गांवांत दोन-चारच असत आणि त्यांच्या हाताचें वळण साऱ्या पेठेवर उमटलेलें दिसे. आज बहुतेक पाट्या संगणकावर तयार होतात. अक्षर निवडण्याचें जें काम पूर्वीं कसबी कारागीर करी, तें आतां दुकानदाराच्या माथीं आलें आहे. घरीं मसाला कुटून विकणारी गृहिणी, हळदीचीं पाकिटें भरणारा शेतकऱ्याचा मुलगा, पेढ्यांचें नवें दुकान घालणारा तरुण, या सर्वांना हा प्रश्न पडतो कीं, आपल्या मालावर नांव कोणत्या अक्षरांत घालावें? भांडवल थोडें, तेव्हां मोफत मिळणाऱ्या अक्षरसंचांकडे दृष्टि वळते हें स्वाभाविक आहे. अशा अक्षरसंचास आपण सर्वजण 'फॉण्ट' म्हणतों. तो पारखून कसा घ्यावा, याविषयीं आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

अक्षरें घडविण्याचा उद्योग आपल्या प्रांतास नवा नाहीं. पेशवाईच्या अखेरीस पुण्यास इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या आश्रयानें एका तांबटानें तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम करण्याची विद्या संपादन केली. या कारागिराकडून गीता छापवून घ्यावी असें नाना फडणविसांच्या मनांत होतें. परंतु १८०० सालीं नाना वारले. पुढें मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनीं त्यास आश्रय दिला आणि १८०५ सालीं मिरजेस कोरीव पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. त्यानंतर १८६९ सालीं जावजी दादाजींनीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील सुबक खिळ्यांनीं मराठी वाचकांच्या डोळ्यांना अक्षराची गोडी लावली. किर्लोस्करवाडीची वसाहत १९१० सालची. तेथून १९२० सालीं निघालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते.

हा इतिहास सांगण्याचें कारण इतकेंच कीं, अक्षर आपोआप उगवत नाहीं. देवनागरीचा एक चांगला फॉण्ट तयार करावयाचा, तर मूळ अक्षरें, जोडाक्षरें, वेलांट्या, उकार, रफार असे शेंकडों आकार एकेक करून काढावे लागतात. असा फॉण्ट कोणी आपणांस फुकट देत असेल, तर तो कोणत्या अटींवर देत आहे, ही पहिली चौकशी झाली पाहिजे.

'मोफत' या एकाच शब्दाचे बाजारांत तीन निरनिराळे अर्थ चालतात. पहिला प्रकार 'घरगुती उपयोगापुरता मोफत'. अशा फॉण्टांत मुलांच्या वाढदिवसाचें निमंत्रण छापतां येतें, परंतु विक्रीच्या मालावर तो वापरावयाचा झाल्यास पैसे भरावे लागतात. दुसरा प्रकार म्हणजे एकानें विकत घेऊन दुसऱ्यास दिलेली प्रत. मित्राकडून, छापखान्यांतून वा मोबाइलवरून आलेली फाइल पुष्कळदां या जातीची असते. फॉण्टची फाइल ही कायद्याच्या दृष्टीनें संगणकाचा कार्यक्रम ठरते व तिला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें संरक्षण मिळूं शकतें. तिसरा प्रकार मुक्त परवान्याचा; आणि व्यापाऱ्याच्या उपयोगाचा तोच.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें तासगांवच्या बाजूस बेदाणा भरून विकण्याचा लहानसा उद्योग सुरू केला. पाकिटांवरील नांवासाठीं तिच्या भाच्यानें एक नक्षीदार फॉण्ट उतरवून घेतला. खालीं बारीक अक्षरांत 'व्यापारासाठीं परवाना घ्यावा' असें लिहिलें होतें, तें कोणी वाचलें नाहीं. पाकिटें छापून झालीं, माल दुकानांत गेला आणि कांहीं महिन्यांनीं फॉण्टच्या मालकांकडून परवान्याच्या रकमेची मागणी आली. मालकांचें म्हणणें रास्तच होतें. रक्कम भरतां येण्यासारखी होती. पण पहिल्या हंगामांत हातीं राहिलेला सारा नफा तींत गेला. मोठ्या कंपनीस अशी चूक जाणवतही नाहीं. लहान धंद्याचें एक वर्ष तींत जातें.

मुक्त परवान्यांपैकीं सर्वांत प्रचलित असलेल्या परवान्याचें नांव 'ओपन फॉण्ट लायसन्स'. एस. आय. एल. या संस्थेनें तो तयार केला असून त्याची १.१ ही आवृत्ति २००७ सालची आहे. त्याच्या अटी थोड्या व स्पष्ट आहेत. फॉण्ट धंद्यासाठीं वापरण्यास, दुसऱ्यास देण्यास व त्यांत फेरफार करण्यासही मुभा आहे. नुसता फॉण्ट तेवढा विकतां येत नाहीं. आणि बदललेल्या फॉण्टास मूळ कर्त्यानें राखून ठेवलेलें नांव देतां येत नाहीं. त्या फॉण्टांत तयार केलेल्या बोधचिन्हावर, पाटीवर वा पाकिटावर परवान्याचें कोणतेंही बंधन पडत नाहीं. 'गूगल फॉण्ट्स' या संग्रहांतील बहुतेक फॉण्ट याच परवान्याचे आहेत. तरीही प्रत्येकाचा परवाना स्वतः वाचून पाहावा. याउलट 'मंगल' हा फॉण्ट पाहा. तो रघुनाथ कृष्ण जोशी या थोर अक्षरकारानें मायक्रोसॉफ्टसाठीं घडविला. तो संगणकाबरोबरच येतो, म्हणून पुष्कळांना मोफत वाटतो. पण त्याची फाइल दुसऱ्यास वाटण्याची मोकळीक त्यामुळें मिळत नाहीं.

आतां मुक्त परवान्याच्या देवनागरी फॉण्टांपैकीं कांहींचा परिचय करून घेऊं. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीचा 'मुक्ता' हा गिरीश दळवी व यशोदीप घोलप यांनीं काढलेला फॉण्ट सरळ, स्वच्छ आणि अनेक जाडींचा आहे. पाकिटाच्या मागील बारीक मजकुरासही तो चालतो. त्याच मंडळीचा 'बलू' गुबगुबीत व हसरा आहे, तर 'मोदक' नांवाप्रमाणेंच इतका फुगीर आहे कीं, अक्षराच्या पोटांत केवळ केसाएवढी फट उरते. मोठ्या पाटीवर तो शोभतो, पण लहान पुडीवर छापला तर ती फट शाईनें भरून जाते. 'पॉपिन्स' या फॉण्टांत निनाद काळे यांची देवनागरी आणि जॉनी पिनहॉर्न यांची रोमन एकाच भूमितीवर बेतलेली आहे. यास्तव ज्यांना दोन्ही लिप्यांत नांव घालावयाचें आहे, त्यांना तो सोयीचा. 'यात्रा वन' हा मुंबईच्या रेल्वेवरील हातानें रंगविलेल्या पाट्यांवरून स्फूर्ति घेऊन केलेला आहे. 'टिरो देवनागरी' हा पुस्तकी, भारदस्त वळणाचा असून त्याच्या मराठी, हिंदी व संस्कृत अशा वेगळ्या आवृत्त्या आहेत.

या वेगळ्या आवृत्त्यांची गरज काय, असें कोणी विचारील. देवनागरी लिपि हिंदीची व आपली एकच असली, तरी वळणें सर्वस्वीं एक नाहींत. मराठींतील 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें हींच रूपें प्रमाण ठरविलीं आहेत. कित्येक फॉण्ट हिंदी वळणाचे असतात. कांहींत मराठी रूपें असतात, परंतु लेखनाची भाषा 'मराठी' अशी निवडल्यावांचून तीं प्रकट होत नाहींत. ग्राहक याची चर्चा करीत नाहीं; पण पाटी परप्रांतींची आहे असें त्यास न कळत वाटून जातें.

शाळेंत आम्ही शुद्धलेखनासाठीं मुद्दाम अडचणीचे शब्द घालत असूं. फॉण्टचीही तशीच परीक्षा घ्यावी, आणि तीस लागणारे शब्द आपल्या दोन जिल्ह्यांतच विपुल आहेत. 'साताऱ्याचे कंदी पेढे' हें लिहून पाहा. 'ऱ्या' मधील र चंद्रकोरीसारखा आडवा आला पाहिजे. त्याऐवजीं डोक्यावर रफार चढला, तर तो फॉण्ट मराठी दुकानाच्या कामाचा नव्हे. 'कऱ्हाड' या शब्दानेंही तीच परीक्षा होते. 'हळद' आणि 'गूळ' लिहून 'ळ' सुडौल आहे कीं नाहीं तें पाहावें; हिंदींत हें अक्षर क्वचितच लागत असल्यामुळें कांहीं कारागिरांचें त्याकडे दुर्लक्ष होतें. 'द्राक्ष' या एकाच शब्दांत 'द्र' व 'क्ष' दोन्ही पारखतां येतात. महाबळेश्वरच्या 'स्ट्रॉबेरी'नें 'स्ट्र' ची आणि वरच्या अर्धचंद्राची परीक्षा होते. शेतमालाच्या धंद्याचें नांव आज बहुधा 'ॲग्रो' या शब्दानें संपतें. हा 'ॲ' युनिकोडमध्यें २००८ सालीं स्वतंत्रपणें आला. त्यामुळें जुन्या फॉण्टांत त्याच्या जागीं रिकामा चौकोन दिसण्याचा संभव असतो.

युनिकोडचें नांव आलें म्हणून एक सूचना. छापखान्यांतून चालत आलेले कित्येक जुने फॉण्ट युनिकोडपूर्व पद्धतीचे आहेत. त्यांत पडद्यावर मराठी दिसतें, परंतु संगणकाच्या पोटांत भलतींच चिन्हें सांठविलेलीं असतात. तो मजकूर मोबाइलवर पाठवितांच त्याचा अर्थहीन गोंधळ होतो. बोधचिन्ह चित्ररूप असल्यानें त्यास बाधा येत नाहीं. पण भावपत्रक, पावत्या व जाहिराती त्याच फॉण्टांत करावयाच्या असतील, तर युनिकोडचाच घ्यावा.

यानंतर आकाराची परीक्षा. दुकानाचें नांव दोन-तीन फॉण्टांत काळ्या शाईनें छापावें. एक प्रत बोटाच्या दोन पेरांएवढी लहान करावी आणि अनुस्वार, वेलांटी, जोडाक्षरांचे सांधे सुटे दिसतात का तें पाहावें. दुसरी मोठी करून रस्त्याच्या पलीकडे उभें राहून घरांतील वृद्ध माणसाकडून वाचवून घ्यावी. ज्यास अडखळावें लागतें तें अक्षर कितीही नखरेदार असो, सोडून द्यावें. रंग व सोनेरी छटा यांचा विचार शेवटीं. काळ्या-पांढऱ्यांत जें चिन्ह उभें राहत नाहीं, तें रंगानेंही राहत नाहीं.

पाटीविषयीं कायद्याचाही विचार करावा. महाराष्ट्रांतील दुकानांसंबंधींच्या २०१७ च्या कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली. तदनुसार दहांहून कमी नोकर असलेल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी आवश्यक आहे आणि मराठी अक्षरें अन्य भाषेंतील अक्षरांहून लहान असतां कामा नयेत. म्हणून आधीं इंग्रजी नांव सजवून मग मराठी कसेंबसें कोंबण्यापेक्षां, प्रथम देवनागरी ठरवून तिला जुळणारी रोमन शोधावी.

मुक्त फॉण्टास एक मर्यादा आहे. तोच फॉण्ट शेजारचा दुकानदारही उद्यां वापरील आणि त्यास कोणी हरकत घेऊं शकणार नाहीं. आपलें चिन्ह वेगळें दिसावें यासाठीं नांव लिहून झाल्यावर त्यांत थोडा स्वतःचा हात फिरवावा. शिरोरेषा एके ठिकाणीं तोडावी, एखादा काना लांबवावा, 'द' च्या शेपटास पानाचा आकार द्यावा. एवढ्यानेंही काम भागतें. मग तें चिन्ह १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखालीं नोंदवितां येतें. २०१७ च्या नियमांनीं व्यक्तीस वा लघुउद्योगास ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये ठेविली. इतरांस ती ९,००० आहे. नोंदणी दहा वर्षें चालते व पुढें नूतनीकरण होतें. रंगाची मर्यादा न घालतां नोंदविलेलें चिन्ह सर्व रंगांसाठीं नोंदलें असें मानतात. नोंदणी होण्यापूर्वीं वर्तुळांतील 'आर' हें इंग्रजी अक्षर मात्र नांवापुढें लावूं नये. तो गुन्हा आहे.

शेवटीं दप्तराची शिस्त. फॉण्ट उतरवितांना त्याबरोबर आलेला परवाना, उतरविल्याची तारीख आणि जेथून घेतला तें ठिकाण यांची नोंद जमाखर्चाच्या वहीशेजारीं ठेवावी. छापखान्यास चिन्ह देतांना अक्षरांचें रेषाचित्रांत रूपांतर करून द्यावें, म्हणजे त्यांच्याकडे तो फॉण्ट नसला तरी वळण बदलत नाहीं. आणि चार पैसे गांठीं असतील, तर फॉण्टच्या भानगडींत न पडतां गांवांतील एखाद्या पेंटरकडून किंवा सुलेखनकाराकडून नांव लिहून घ्यावें. कमल शेडगे यांनीं रेखाटलेलीं मराठी नाटकांचीं नांवें लोकांच्या डोळ्यांसमोर अजून आहेत, तीं हाताच्या अक्षरामुळेंच. तें न परवडलें, तर वर सांगितलेल्या कसोट्यांस उतरलेला साधा मुक्त फॉण्ट पुरेसा आहे. नांव स्पष्ट वाचतां आलें, तें मराठी वळणाचें असलें आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नसला, म्हणजे व्यापाऱ्यानें निश्चिंत मनानें मालाकडे लक्ष द्यावें. इतकें सांगून आपली रजा घेतों.