उभ्या पिकांत नांगर

टोमॅटोच्या उभ्या वावरांत शेतकरी नांगर घालतो आहे, असें ऐकिलें कीं शहरांतील सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडून दोनच उद्गार निघतात: एक ‘अरेरे!’ आणि दुसरा ‘काय हा अविचार!’. पहिल्यानें शेतकऱ्याचें पोट भरत नाहीं. दुसरा तर सर्वस्वी चुकीचा आहे.

सन २०२३ चें उदाहरण घ्यावें. त्या वर्षीं जुलै-ऑगस्टांत नाशिक जिल्ह्यांतील पिंपळगांव बसवंत व पुणे जिल्ह्यांतील नारायणगांव येथें २० किलोंच्या क्रेटास दोन हजारांच्या घरांत भाव गेला, आणि त्याचा बोभाटा सर्व देशभर झाला. सप्टेंबरांत तेंच क्रेट शंभर रुपयांच्या आसपास येऊन ठेपलें. यांत चमत्कार कांहीं नाहीं. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो. भाव पाहून सर्वांनीं एकदम लावण केली, तेव्हां सर्वांचा माल एकदम बाजारांत आला.

आतां हिशेब पाहूं. रोपें, खत, बांबू, तार, फवारणी यांचा खर्च होऊन गेला. तो पीक ठेविल्यानें परत येत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, उद्यांच्या क्रेटांतून तोडणीची मजुरी, गाडीभाडें व हमाली वजा जातां कांहीं उरतें काय? उरत नसेल तर प्रत्येक तोडा म्हणजे नवें कर्ज होय. न खपणारा माल मिळेल त्या भावानें काढून दुकानाची जागा मोकळी करणाऱ्या व्यापाऱ्यास आपण दूरदर्शी म्हणतों; मग शेतकऱ्यानें तेंच केलें तर तो मूर्ख कसा? शिवाय ऋतु कोणासाठीं थांबत नाहीं. ऑक्टोबरांत वावर मोकळें झालें तर हरभरा वेळेवर पेरतां येतो. भाव सुधारेल या आशेवर नोव्हेंबर सरूं दिला, कीं एका पिकापाठोपाठ दुसरेंही गेलें.

परंतु पीक मोडणें हेंही एक शास्त्र आहे, व येथें आमच्या शेतकरी बंधूंस दोन शब्द कठोरपणें सांगितले पाहिजेत. विषाणुरोगानें ग्रासलेलें पीक तसेंच सोडून शेजाऱ्याच्या वावरास पांढऱ्या माशीची देणगी देणें हा अपराध आहे. अशीं झाडें उपटून जाळावीं वा खोल पुरावीं. निरोगी पाला मात्र जमिनींत गाडल्यास त्याचें खत होतें. तार, ठिबकच्या नळ्या व आच्छादनाचा प्लास्टिक कागद अगोदर गोळा करावा. नांगराखालीं त्याच्या झालेल्या चिंध्या वर्षानुवर्षें मातींत राहतात. आणि त्याच जागीं लगेच वांगें, मिरची वा बटाटा लावूं नये. हीं सर्व टोमॅटोचींच भावंडें, एकाचा रोग दुसऱ्यास जडतो.

राहिला पेठेचा भाग. पंतप्रधान पीक विमा योजना भाव कोसळल्याची भरपाई देत नाहीं. म्हणजे पीक मोडणाऱ्यास पुढील बियाण्याचा पैसा उसनाच आणावा लागतो. ज्या आडत्यांनीं उचल दिली असेल, त्यांनीं वसुलीच्या लोभानें मेलेलें पीक उभें ठेवावयास लावूं नये, अशी त्यांस आमची विनंती आहे. बाजार समित्यांस मात्र आम्ही विनंती नव्हे, मागणी करतों. रोपवाटिकांतून कोणत्या आठवड्यांत किती रोपें गेलीं, हें माल येण्याच्या दोन महिने आधीं समजूं शकतें. तो आंकडा दर सोमवारीं आवाराच्या दरवाजावरील फळ्यावर ठळक अक्षरांत लिहावा. खडूच्या एका कांडीपलीकडे त्यास खर्च येत नाहीं.