काळ्या रानातली घरदुरुस्ती

मे महिना. परभणी तालुक्यातल्या एका गावात विटांच्या दोन खोल्यांचं स्लॅबचं घर दुरुस्तीला काढलेलं. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरकी चढत छताला भिडलेली. मिस्त्री तीत काडेपेटीतली काडी सरकवून बघतो. काडी अडत नाही. मग तो भिंतीला ओळंबा लावतो, उकिडवा बसून जोतं न्याहाळतो आणि घरमालकाला विचारतो, "तात्या, ही भेग पावसाळ्यात मिटती का?"

"मिटती की. श्रावणात तर दिसतबी नाही."

"मग नुसत्या गिलाव्यानं भागणार नाही. घर हलायलंय."

दुरुस्तीचा अंदाज या एका उत्तराने बदलतो. तात्यांचा मुलगा पुण्यात आहे आणि तिकडे चौरस फुटाला काय भाव चालतो ते त्याने फोनवर कळवलेलं आहे. घरोघरी असंच होतं. शहरातला कुणीतरी एक आकडा सांगतो, त्याला घराच्या फुटांनी गुणलं जातं आणि गुणाकार मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा कमी भरला की गवंडी लुबाडतो असा संशय घेतला जातो. पण पुण्यातल्या फ्लॅटची दुरुस्ती ही फरशी, नळ, वायरिंग आणि रंगाची. तिथे पैसा राडारोडा खाली उतरवण्यात, सोसायटीने घालून दिलेल्या वेळा पाळण्यात आणि शहराच्या मजुरीत जातो. इमारतीच्या पायाचा विचार फ्लॅटवाल्याला सहसा करावाच लागत नाही. परभणीत मात्र अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळी जमिनीखालच्या असतात.

कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारी ही काळी माती घराच्या मुळावर येते. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, उन्हाने तापली की आकसते. वैशाखात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्याच घराखालीही पडतात. घराच्या कडेची माती आधी सुकते, मधली ओल धरून राहते. त्यामुळे कोपरे खचतात आणि मधला भाग जागेवर राहतो. पावसाळ्यात हाच खेळ उलटा होतो. वरचा भार जितका हलका, तितकी माती घराला सहज उचलते. म्हणजे पैसे जपून बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरालाच या मातीचा जाच सगळ्यात जास्त, ही यातली सर्वांत अन्यायाची गोष्ट.

दहा बाय बाराची एक वाढीव खोली धरू. चारी भिंतींची लांबी ४४ फूट. तीन फूट रुंद चर तीन फूट खोल खणला तर साधारण ४ ब्रास माती निघते. मुरूम लागेपर्यंत सात फूट जावं लागलं तर ९ ब्रासांच्या वर. खणाई, माती वाहून नेणं, दगड-काँक्रीट, मुरमाची भरती, सगळंच त्या मानाने वाढतं. वरची खोली मात्र तेवढीच, दहा बाय बाराची.

आणि हा फरक एका जिल्ह्याच्या आत आहे. उत्तरेला जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात कुदळ फूट-दोन फुटांवर मुरमाला लागते, कुठे कुठे थेट काळ्या पाषाणाला. चारठाण्याची जुनी दगडी देवळं अशाच कणखर भुईवर उभी आहेत. दक्षिणेला गंगाखेडच्या पुढे बालाघाटाच्या टेकड्यांतही तसंच. मधल्या सपाट भागात, गोदावरी-पूर्णा-दुधनाच्या खोऱ्यात, काळी माती खोल आहे. जिंतूरच्या पाहुण्याने सांगितलेला पायाचा खर्च पूर्णा तालुक्यात लावला की फसगत ठरलेली. कोकणात तर प्रश्नच निराळा. तिथे जांभ्याची घट्ट जमीन मिळते, पण मुसळधार पावसासाठी छपरावर आणि गिलाव्यावर खर्च करावा लागतो.

काळ्या मातीवर उपाय शोधलेले आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर गड्डा असलेले काँक्रीटचे खांब विकसित केले. गड्ड्याचा व्यास खांबाच्या अडीच पट, आणि खोली साधारण साडेतीन मीटर, कारण तिथपर्यंत ऋतूप्रमाणे ओल बदलते आणि त्याखाली माती बरीचशी स्थिर असते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं, की न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा मीटरभर थर मध्ये दिला तर काळ्या मातीची फूग दबते. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यांवर ही पद्धत वापरली गेली. गावचा गुत्तेदार काळी माती काढून चांगला मुरूम भरतो आणि पाणी मारून धुमसतो, तेव्हा तो त्याच वाटेने जात असतो. फक्त बऱ्याचदा भरती वीतभरच होते आणि धुमसणं उरकलं जातं.

उभ्या घराखाली पाया नव्याने घालणं बहुतेकांना परवडत नाही. म्हणून तात्यांच्या घरासाठी मिस्त्रीने जे सुचवलं ते पाण्याशी निगडित होतं. न्हाणीचं पाणी भिंतीलगत मुरत होतं, ते पाइपाने लांब काढायचं. छताच्या पाण्याची पन्हाळ जोत्यापासून दूर सोडायची. घराभोवती तीन-चार फुटांचा उताराचा कोबा फिरवायचा, म्हणजे भिंतीखालची माती बारा महिने एकाच ओलीला राहील. एक पावसाळा जाऊ द्यायचा. भेग वाढली नाही, तर गिलावा खरवडून भेगेवर आडव्या सळयांचे टाके घालायचे, जाळी मारायची आणि मगच गिलावा. या कामात दिसण्यासारखं काहीच नसतं, म्हणून लोक ते टाळतात आणि आधी रंगाचे डबे आणतात.

जुन्या माळवदाच्या घरांचा हिशेब वेगळा आहे. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचणं आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर राहतो, तेव्हा माळवदाखालची खोली पत्र्याच्या खोलीपेक्षा कितीतरी सुसह्य असते. पावसाळ्याआधी वर पांढरी माती पसरायची, उगवलेलं गवत उपटायचं, घुशी-उंदरांची बिळं बुजवायची: माळवदाची ही दुरुस्ती मजुरी आणि बैलगाडीभर मातीत व्हायची. धोका इतकाच, की जुनी माती न काढता दर साली नवी टाकली की बोजा वाढत जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि अशी जड छतं कोसळून. त्यानंतर तज्ज्ञांनी दिलेल्या सूचना साध्या होत्या: माळवदावरची जास्तीची माती उतरवा, भिंतीच्या दोन्ही अंगांना धरणारे लांब दगड मधूनमधून घाला, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्या. १० जुलै २०२४ रोजी हिंगोलीकडे केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का परभणीतही जाणवला, तेव्हा या सूचना जुन्या झाल्या असं मानायला जागा नाही. माळवद पाडायचंच ठरलं, तर सागवानाच्या तुळयांना गिऱ्हाईक मिळतं आणि नव्या कामाचा थोडा भार हलका होतो. पण खरेदीदार येण्याआधी लाकूड मोजून, भाव काढून ठेवलेला बरा.

उरतो माल, आणि मालाचा भाव बराचसा रस्त्यावर ठरतो. सळई जालन्याहून येते. तिथल्या गिरण्यांमुळे या बाबतीत परभणीकर सुखी आहेत. राखेच्या विटा गंगाखेडपलीकडच्या परळीच्या औष्णिक केंद्राच्या बाजूने मिळतात. फरशी शहाबादची, टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तो सगळीकडे सारखाच. गोणी गावात उतरेपर्यंतचं भाडं मात्र सारखं नसतं. सरकारी अंदाजपत्रकात याला 'लीड' म्हणतात, खाणीपासून कामापर्यंतचं अंतर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग दिल्लीचा खर्च १०० धरून इतर शहरांचे निर्देशांक काढतो, तेही याच फरकापोटी.

वाळूत हे सर्वांत टोकाला जातं. २०२३ च्या धोरणात डेपोवरचा दर ब्रासला ६०० रुपये ठरला, पण वाहतूक घेणाऱ्याच्या माथी होती. २०२५ मध्ये पुन्हा लिलाव आले आणि घरकुलवाल्यांना ५ ब्रास वाळू मोफत ठरली. तीही घरापर्यंत आणायला ट्रॅक्टर लागतोच. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून उपसा बंद, म्हणून मेअखेरीस प्रत्येकाला वाळू हवी असते. याच काळात विहिरी तळाला जातात आणि नव्या काँक्रीटवर मारायच्या पाण्यासाठी टँकर सांगावा लागतो. दिवाळीनंतर, हातात पिकाचे पैसे आणि विहिरीत पाणी असताना काम काढावं, तर गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची कितीतरी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात आणि चांगले गवंडी पुण्यात.

असं असूनही मदतीचे आकडे देशभर जवळजवळ एकच. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या ग्रामीण घराला १,२०,००० रुपये, किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ४४६ रुपये. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे पैसे वेगळे. राज्याने २०२५ मध्ये ५०,००० ची भर घातली, ती गरजेचीच होती. डोंगराळ भागासाठी केंद्राचा आकडा १,३०,००० आहे, कारण तिथे माल चढवायला खर्च येतो. काळ्या मातीत खाली उतरावं लागतं, त्याची अशी कुठली वेगळी ओळ नाही. अतिवृष्टीत घराची अंशतः पडझड झाली तर आपत्ती निधीच्या निकषाप्रमाणे पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये मिळतात. तेवढ्यात पडलेल्या भिंतीखालचा पाया उकरून मुरूम भरणं होत नाही. भिंत त्याच मातीवर पुन्हा उभी केली जाते. पंचनाम्याच्या वेळी पडलेली भिंत मोजतात. तिच्याखाली काळी माती किती फूट आहे हेही तिथेच लिहिता येईल. एका मजुराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ग्रामसेवकाकडे टेप असतोच.