खाड्याचा हिशेब

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेल्या एस. टी.त मी खिडकी धरून बसले होते. आंबेनळी घाट लागण्याआधी एक तरुण बाई दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन चढली आणि माझ्या शेजारी टेकली. वर वाड्याला तिचे माहेर. पोराला आईकडे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवसापासून कापणीच्या मजुरीला जायचे, असा बेत.

“पोर तापलं की माझा खाडा, ताई. खाडा झाला की रोज बुडाला.”

“आणि ह्याच्या बाबांचा?”

“ते मुंबईला. पोर तापलं म्हणून त्यांचा रोज कशाला बुडंल?” ती हसली. “तुमचं बरं. पगारी माणसं तुम्ही. तुम्हाला खाडा नाही.”

मी मान डोलावली खरी. पण घाटाच्या वळणांबरोबर मनात हिशेब सुरू झाला. मुलीच्या जन्माच्या वेळी मला भरपगारी रजा मिळाली होती. पण पीएच्. डी.ची टिपणे त्या वर्षी ट्रंकेत गेली ती गेलीच. पुढे मुलीच्या कांजिण्या, परीक्षा. चर्चासत्राचे निमंत्रण आले की घरात काहीतरी निघायचेच. माझ्यामागून लागलेले गृहस्थ आज आमचे विभागप्रमुख आहेत. त्यांनाही दोन मुले आहेत! सज्जन माणूस, दोष त्यांचा नाही. पण पगारातला तो फरक निवृत्तिवेतनापर्यंत माझी सोबत करणार. म्हणजे खाडे मलाही होतेच. हजेरीपटावर दिसत नव्हते इतकेच.

क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंना 2023 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनीही हेच दाखवले आहे, की एकाच व्यवसायातल्या स्त्रीपुरुषांच्या मिळकतीतली तफावत मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर वाढू लागते.

पोलादपूरच्या अलीकडचे महाड आपल्याला ठाऊक आहे ते 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. आंबेडकर यांनी पुढच्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे. 1929 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. 1961 साली देशासाठी झाला. 2017 साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. पण भार बव्हंशी मालकाच्याच माथी राहिला, आणि माझ्या शेजारणीच्या रोजंदारीपर्यंत ती रजा पोचलीच नाही. शिवाय मूल 26 आठवड्यांत का मोठे होते?

वाडा आला. ती उतरली. पोराच्या मुठीत माझ्या डब्यातला अर्धा लाडू होता.

वाचकहो, पाडव्याला घरखर्चाची नवी वही घालाल. मुलाच्या दुधाचा, फीचा खर्च दोघांच्या नावे मांडता ना? मग त्याच्या तापाचे खाडेही दोघांत वाटून घ्या. आमच्याकडे उशिरा का होईना, सुरुवात झाली आहे. मी ट्रंक उघडली आहे. आणि परवा मुलीला ताप आला, तेव्हा रजेचा अर्ज ‘ह्यां’नी लिहिला.